रेघेपासून थोडे बाजूला

भाऊजींचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा ताईने मला मशीनच्या आवाजाआड सांगितले, "त्यांच्याजवळ विषय काढायचा नाही. मी बघते काय ते."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी तिचे यजमान, धंद्याने शिंपी, आणि सगळ्या गल्लीचे मास्तर. माझे स्वतःचे घर फार लवकर मोडले आणि मी त्यांच्याकडे आले, ती कायमचीच. काम घरातच चाले आणि त्याची वाटणी ठरलेली होती. भाऊजी माप घेत, खडूने रेघा मारत आणि कापड बेतत. ताई मशीन चालवी. काजे, बटणे आणि अस्तराची हातशिलाई माझ्याकडे. आणि एक नियम होता, तो कोणी केला कोणास ठाऊक, पण मनापासून पाळला जाई. रेघ मारणाऱ्याला शिवणाऱ्याने प्रश्न विचारायचा नाही. खडू जिथून गेला असेल तिथूनच सुई न्यायची. त्यांच्या संसारात कधी मोठे भांडण झाले नाही, त्याचे कारण मला तरी हेच वाटे.

तो नियम ताईने मोडला, पण भाऊजींच्या पाठीमागे. दुपारचे जेवण झाले की ते आतल्या खोलीत आडवे होत. तेवढ्यात ताई बेतलेले कापड खिडकीशी नेई, डोळे बारीक करून रेघ बघे आणि तिच्या शेजारी, जिथून ती जायला हवी होती तिथून, साबणाच्या चिपेने दुसरी रेघ ओढी. शिलाईच्या आत दाबाला भरपूर कापड सोडायची भाऊजींची जुनी सवय होती. गिऱ्हाईक पुढेमागे अंगाने भरले तर कोट सैल करता यावा म्हणून. ते जास्तीचे कापड आमच्या कामी आले. त्यांची रेघ कितीही भरकटली तरी ताई तिला आतल्या आत सावरून घेई. भाऊजी उठून बाहेर येईपर्यंत शिलाई घातलेली असे, आणि वर इस्त्री फिरली की साबण कुठे होता हेही कळत नसे.

मी तेव्हा दारापाशी बसून बटणे लावत असे आणि आतली चाहूल घेत असे. खोटे बोलायचे नाही हा माझा रोजचा नेम आहे. तो मोडत नव्हता, कारण भाऊजींनी मला कधी काही विचारलेच नाही. सकाळी देवापुढे बसले की मात्र मी त्याला सांगून टाकी, हे आमच्याकडे असे चालले आहे, पुढचे तू बघ.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो होतो. ते म्हणाले, हा आजार बरा होणारा नाही, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण हळूहळू वाढेल. आधी हाताचे बारीक काम जाईल, मग गुंड्या लावणे, मग चमचा, मग चालणे. भाऊजींनी त्यातले 'हळूहळू' एवढेच घरी आणले. "हळूहळू काय, आपण सगळेच म्हातारे होतोय," म्हणाले, आणि कात्री हातात घेतली.

असे चालले असताना एक दिवस वकील आले.

आमच्याकडे एक गिऱ्हाईक होते, वाचनालयात ग्रंथपाल. एकटेच राहायचे. त्यांचा एक खांदा जन्मापासून खाली होता. ताई त्यांना आपल्याआपल्यात तिरके साहेब म्हणे. भाऊजी त्यांच्या कोटाच्या त्या खांद्यात आतून कापसाचे पदर असे बसवीत की साहेब चारचौघांत सरळ दिसत. बोलणे कमी, वर्षाला एक कोट, पैसे रोख, आणि जाताना आरशात एकदा बघून "छान" म्हणायचे. ते वारले हे आम्हाला उशिराच कळले होते. वकिलांनी सांगितले की साहेबांना जवळचे कोणी नव्हते, आणि त्यांनी मृत्युपत्रात आपल्या शिलकीतला मोठा हिस्सा भाऊजींना ठेवला आहे. वकिलांनी आकडा सांगितला तेव्हा ताई उभी होती, ती खाली बसली.

भाऊजी म्हणाले, "अहो, माझी शिलाई त्यांनी दर वेळी चुकती केली होती."

"ते मला माहीत नाही," वकील म्हणाले. "तुमच्यामुळे आपण मान वर करून चाललो, असं ते म्हणायचे."

ते गेल्यावर भाऊजी मशीनच्या स्टुलावर बसले. मग एकदम हसले. "तिरके साहेब म्हणायचीस ना? घे आता."

"मी काय तोंडावर म्हणत होते?" ताई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

संध्याकाळी भाऊजींनी आम्हा दोघींना समोर बसवले. स्वारी खुशीत होती. "बोला. काय काय करायचं या पैशांचं? धाकटे, तू सांग आधी."

"मला काही नको, भाऊजी."

"तुला नेहमीच काही नको असतं. त्यामुळे तुझ्यासाठी काही घ्यायचं म्हणजे डोक्याला ताप. बरं, तुला चष्मा. दोरा ओवताना जीभ बाहेर येते तुझी. पुढे?" त्यांनी ताईकडे पाहिले.

ताईने उत्तर मनात तयार ठेवले असावे, कारण ती थांबली नाही. "मला तळमजल्यावर एक खोली हवी. पायऱ्या नकोत. पलंगावरून बाहेरचा उजेड दिसला पाहिजे. बाकीचे पैसे तसेच ठेवायचे. औषधं लागतील. एखादा माणूस ठेवावा लागेल उठवायला-बसवायला."

"कोणाला उठवायला?"

ताईने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले.

"अगं, मी काय आजारी आहे?" भाऊजींचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "डॉक्टर हात बघतो. मी कोट बघतो. परवा गेला तो कोट सरळ होता की नाही? त्याच्या आधीचा? एक तरी परत आला? हात हलतो, मान्य आहे. पण कापडावर टेकला की शहाण्यासारखा वागतो. कोट खोटं बोलत नाही."

मी खाली पाहून बटणाचा दोरा दातांनी तोडला. ताईने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. त्याच वेळी सांगायला हवे होते. पण त्यांचा चेहरा असा खुलला होता की लग्नातसुद्धा तो मी तसा पाहिला नव्हता. आणि मग ते दुकानाबद्दल बोलू लागले.

दुकान आम्हाला नवे नव्हते. जेवताना, इस्त्री तापत असताना, पाहुणे गेल्यावर, ते दुकान आमच्या घरात कितीदा तरी मांडून झाले होते. रस्त्यावरचे, काचेच्या दाराचे. मध्ये कमरेइतके उंच लाकडी टेबल, चारी बाजूंनी फिरता येईल असे, म्हणजे वाकून पाठ धरणार नाही. कापड बाहेरच्यांना दिसेल असे बेतायचे. "लोकांनी रस्त्यात थांबून बघितलं पाहिजे," ते म्हणत. ताई चेष्टा करी, "तिकीट लावा." तेव्हा ते बोलण्यातले दुकान होते आणि त्यात कोणाचेच काही जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी ताईला म्हटले, "सांगून टाक गं त्यांना."

"काय सांगू? तुमचे कोट तुमचे नाहीत, असं?"

"पैसे जातील, ताई."

"पैसे जातील ते कळतंय मला." तिने एक देठ उगाचच बारीक बारीक तोडले. "पण मी सांगितलं तर ते उद्या कात्री उचलणार नाहीत. आणि कात्री नाही उचलली तर मग ते आहेत कोण? तू सांग ना. तू तर खोटं बोलत नाहीस."

ते मला लागले. पण मीही सांगितले नाही. मनात म्हटले, कोणी विचारले तर सांगेन.

जागा मिळाली. मालकाने अनामत घेतली, पुढच्या कितीतरी काळाचे भाडे एकदम घेतले, आणि भाऊजींनी ते हसत दिले, कारण एवढा पैसा आयुष्यात एकदाच हातात येतो आणि तो देतानाही माणसाला थोडे मोठे वाटते. टेबल झाले. काच बसली. नवे मशीन आले, त्याचा आवाज इतका कमी की ताई म्हणाली, याच्याआड काही बोलताही यायचे नाही. भाऊजींनी खडूचे खोकेच घेऊन ठेवले. माझा चष्माही आला.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, असे बाहेरून बघणारा म्हणेल. दुपारी भाऊजी घरी जेवायला आणि पडायला जात, आम्ही डबा नेत असू. ते वळणावरून दिसेनासे झाले की ताई काचेकडे पाठ करून उभी राही आणि साबण काढी. पण रेघ आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. पूर्वी ती थोडी बाजूला जायची, आता मध्येच वळे, परत येई, पुन्हा जाई. दाबाचे कापड पुरेनासे झाले. एकदा ताईला बाहीच्या आत पट्टी जोडून काम निभवावे लागले. ती घरी आली की तिचे हात पोळीच्या पिठातही थांबत नसत, हवेत काहीतरी मोजत असल्यासारखे.

मग ती तापाने पडली. साधासुधा ताप नव्हता, अंथरुणाला खिळली.

नेमके तेव्हाच शाळेचे मुख्याध्यापक कापड घेऊन आले. निवृत्तीचा समारंभ होता आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मापाचा कोट हवा होता. कापड त्यांच्या मुलीने दिलेले, उंची, आणि जेमतेम पुरेल एवढेच. भाऊजी खूश झाले. "घाई आहे, हरकत नाही. ही आजारी असली तरी धाकटी आहे. तिला मशीन येतं."

मशीन मला येत होते. ताईने पलंगावरून मला समजावले, खांद्याला रेघ बाहेर जाते, तिथे आत ये. पुढच्या भागाला खाली उतरते, तिथे वर घे. मी सगळे लक्षात ठेवले. पण भाऊजी त्या दिवशी दुपारी घरी गेलेच नाहीत. ताई आजारी, घरी जाऊन करायचे काय, म्हणाले. डबा दुकानातच उघडला आणि जेवण झाल्यावर माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

मी कापड मशीनखाली घातले. साबण माझ्या ओटीत होता. मी अंगठ्याने कापड थोडेसे आत सरकवले.

"रेघ सोडू नकोस, धाकटे," ते मायेने म्हणाले. "घाबरू नकोस. रेघ आहे तशी जा. रेघ सांभाळून घेते."

मी देवाचे नाव घेतले आणि रेघेवरून गेले. जशी ती गेली होती तशीच. वळली तिथे वळले.

मुख्याध्यापक ट्रायलला आले. त्यांनी कोट घातला आणि आरशापुढे उभे राहिले. कॉलर मानेपासून सुटून मागे उभी होती. पुढचा एक पदर दुसऱ्यापेक्षा खाली लोंबत होता. पाठीवर तिरपी घडी पडली होती, कोणीतरी मागून ओढून धरल्यासारखी. ते भले गृहस्थ इकडून तिकडून वळून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "माझंच अंग वाकडं असेल, मास्तर. इतकी वर्षं खुर्चीत बसून."

भाऊजींनी कोट त्यांच्या अंगावरून हलकेच उतरवला. "तुमचं अंग ठीक आहे. आमच्याकडे नवीन हात आहे. शिलाई सरकलीये. उसवून देतो."

त्यांनी मला बोल लावला तो तसा, दुसऱ्यासमोर, पण दुखेल असा नाही. हो म्हणणे खोटे झाले असते, आणि नाही म्हणायला तोंड उघडत नव्हते. मला वाटले, हे माझ्यावर निभावले तर निभावू दे.

गिऱ्हाईक गेल्यावर भाऊजींनी कोट टेबलावर पसरला. उसवायचे काम त्यांनी मला दिले, कारण टोकदार सुई त्यांच्या हातात आता राहत नव्हती. मी एक एक टाका काढत गेले आणि ते वाकून बघत होते. शिलाई निघाली. कापड उघडे झाले. खडूची रेघ होती तशीच होती, आणि सुईची भोके तिच्यावर, अगदी तिच्यावर, तसूभरही इकडेतिकडे नाही.

त्यांनी बोट ठेवून ती रेघ शेवटपर्यंत नेली. बोट थरथरत होते, त्यामुळे ते रेघेवरून बरोबर जात होते.

बाहेर लोक जात-येत होते. एक बाई काचेशी थांबून आत बघत होती, टेबलावर काय चालले आहे ते.

"आधीचे कोट?" भाऊजींनी विचारले.

आता त्यांनी विचारले होते. मी हातातले ठेवले. पण ते माझ्या उत्तरासाठी थांबलेच नाहीत. कोपऱ्यात ताईने शिवलेला एक कोट टांगलेला होता, गिऱ्हाईक न्यायला यायचे होते. तो त्यांनी उतरवला, उलटा केला आणि म्हणाले, "अस्तर उसव. थोडंसंच."

मी उसवले. आत त्यांची खडूची रेघ एकीकडे होती आणि ताईची शिलाई दुसरीकडे. मध्ये दोन-तीन ठिकाणी साबणाचा पुसट माग.

त्यांनी ते पाहिले आणि अस्तर आपल्या हाताने परत जागेवर लावले. "शिवून टाक," म्हणाले. "गिऱ्हाईक येईल त्याचं."

मुख्याध्यापकांचे कापड भाऊजींनी स्वतः परत नेऊन दिले. नवे घेऊन देतो म्हणाले, पण समारंभ तोंडावर होता. मुख्याध्यापक जुन्याच कोटात गेले असे नंतर कानावर आले. त्यांनी कोणाजवळ वाईट बोलून दाखवले नाही, आणि तरीही ते सगळीकडे पसरले. काचेचे दार असले की आत कोणी येत नाही हेही बाहेरून दिसते.

भाऊजी एकदा जागेच्या मालकाकडे जाऊन आले. मीही बरोबर होते. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिले.

"मास्तर, ठरलंय ते ठरलंय. मुदत संपेपर्यंत जागा तुमची. भाडं आगाऊ दिलंय, तुम्हाला कोणी हात लावणार नाही."

"जागा नकोय मला."

"ते माझ्या हातात नाही. ते पैसे मी केव्हाच माझ्या घरात घातले." तो ओशाळला. "मस्त दुकान आहे की. चालवा."

परत येताना भाऊजी म्हणाले, "तिने तळमजला मागितला होता." घरी जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबून कठड्याकडे बघत होते.

ताईला त्यांनी काहीच म्हटले नाही. ती बरी होऊन उठून बसली तेव्हा तिला सगळे माहीत होते. मी सांगितले होते. ती वाट पाहत होती की ते रागावतील. निदान एकदा तरी कप आपटतील. "काहीतरी बोला हो," ती एकदा म्हणालीच.

"काय बोलू? चांगले कोट होते," ते म्हणाले. "साहेबांचा शेवटचा कोट? तोही तूच?"

ताईने मान हलवली.

"मग पैसे तुझे होते," भाऊजी म्हणाले, आणि ते कडवटपणे म्हटले असते तर बरे वाटले असते. त्यांनी ते हिशेब नीट लागल्यासारखे म्हटले.

ती चालू-फिरू लागली तसे ते तिला दुकानात घेऊन गेले. मी मागे डबा घेऊन. त्यांनी टेबलावर साधे, घरातलेच कापड पसरले, हाताने सपाट केले, आणि तिच्यापुढे खडू ठेवला. टेबलाच्या त्या बाजूला ती याआधी कधी उभी राहिली नव्हती.

"तू मार रेघ," ते म्हणाले. "मी माप सांगतो. धाकटी शिवेल. चालेल दुकान."

मला क्षणभर वाटले, देवाने ऐकले. इतके दिवस जे लपूनछपून झाले, तेच आता उजेडात होईल, एवढाच फरक. ताईने खडू उचलला. कापडावर वाकली. खडू कापडापासून बोटभर वर थांबला आणि तिथेच राहिला. तिने जागा बदलली, दुसऱ्या कोपऱ्याकडून बघितले, पदराने कपाळ टिपले. पुन्हा वाकली. मग खडू खाली ठेवला.

"मला नाही येत."

"अगं, एवढे दिवस मारत होतीस."

"ती तुमच्या रेघेशेजारी," ताई म्हणाली. "तुमची रेघ असली की ती कुठे चुकली ते दिसतं मला. कोऱ्या कापडावर मला काही दिसत नाही हो."

मग त्यांनी खडू घेतला, डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले आणि दोन्ही हातांचे वजन देऊन तो कापडावर टेकवला. रेघ निघाली. ती रेघ म्हणायची का, कोण जाणे. मुंगी बुचकळ्यात पडून चालावी तशी ती गेली. ताई तिच्याकडे डोळे बारीक करून बघत होती. तिने साबण काढला, आणि पहिल्यांदाच त्यांच्यादेखत शेजारी दुसरी रेघ ओढली.

"इतकी?" भाऊजींनी विचारले.

"इतकी."

"मग इथून?"

"थोडं आत. अजून. थांबा, तिथे नाही."

ते बाहीच्या गोलाईपाशी आले. खांद्याची ती वळणे ते पूर्वी बोलता बोलता, गिऱ्हाईकाकडे बघत मारायचे. आता हात गोलाईवर चढला, उतरला, आणि एकाएकी टेबलाच्या कडेपर्यंत सरळ निघून गेला. रेघ कापडाबाहेर लाकडावर उमटली. ताईचा साबण हवेतच राहिला. शेजारी मारायला तिथे काही नव्हते.

"तुम्हाला कुठे न्यायची होती ती?" तिने हळूच विचारले.

"वर," ते म्हणाले. "वर न्यायची होती."

ताईने त्या जागेकडे पाहिले. भाऊजींनी मनगटाची पकड बदलून पुन्हा जोर लावला, तेव्हा खडू मोडला आणि तुकडा घरंगळत टेबलाखाली गेला. ते तसेच हात पुढे करून उभे राहिले. मी खोके उघडले. आत खडू काठोकाठ भरलेले होते. मी एक काढला, त्यांच्या बोटांत धरला, आणि ती बोटे मिटेपर्यंत माझा हात तसाच राहू दिला.